कपाचं कापडी कव्हर सारखं खाली घसरतंय? इलॅस्टिक लावायच्या आधी हे बघा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण द्यायला म्हणून ओळखीतल्या एका वहिनींनी आमच्या बचत गटाकडून ५१ कव्हरं शिवून घेतली होती. कागदी कपात गरम चहा घेतला की बोटांना चटका बसतो ना, तर त्या कपावर चढवायचं कापडी कव्हर, धुऊन परत परत वापरता येणारं, आणि माप जुळलं तर घरातल्या स्टीलच्या ग्लासलाही चालणारं. वरून खण, मध्ये टर्किश टॉवेलचा थर, आतून अस्तर. आम्ही सोलापूरच्या, त्यामुळे टॉवेलच्या तुकड्यांना आमच्याकडे तोटा नाही. कव्हरं इतकी सुरेख दिसत होती की पुढच्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावू या असं सगळ्याजणी म्हणायला लागल्या, आणि आठ दिवसांत वहिनींचा फोन आला, अगं दिसायला छान आहे गं, पण धरलं की कप आत आत जातो आणि टेबलावर ठेवला की कव्हर गळून पायाशी येतं.

हे सविस्तर लिहितेय कारण हा प्रॉब्लेम एकट्या आमचा नाही. ज्यांनी ज्यांनी घरी असं कव्हर शिवून बघितलंय त्यातल्या बऱ्याच जणींकडून मी हेच ऐकलंय आणि सगळ्याजणी उपायही तेच करतात, आधी घेर कमी करून घट्ट शिवतात, मग खालून इलॅस्टिक घालतात, मग वेलक्रो. आम्हीही ओळीने हेच केलं. प्रत्येक वेळी चार दिवस बरं चालतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न. इलॅस्टिक सैल पडतं, वेलक्रोमध्ये दोरे अडकून त्याची पकड जाते, आणि घट्ट शिवलेलं कव्हर तर आधीपेक्षाही खाली जाऊन बसतं, म्हणजे जिथे बोटं येतात तो वरचा गरम भाग उघडाच.

तुमच्या कव्हरचं नेमकं काय होतंय ते बघायला एक सोपी गोष्ट करा. रिकाम्या कपाला बाहेरून टेलरचा खडू सगळीकडे हलका घासा, त्यावर कव्हर चढवा, एकदा गोल फिरवा आणि काढून आतलं अस्तर उजेडात धरा. आमच्या कव्हरच्या अस्तरावर खडूची फक्त एक बारीक रेघ उमटली होती, अगदी वरच्या कडेला, दोऱ्याएवढी. बाकी सगळं अस्तर कोरं. म्हणजे सहा सेंटीमीटर उंचीचं कव्हर कपाला धरून होतं ते फक्त त्या एका रेघेवर! खालची कड तर कपाला टेकतच नव्हती, परकरासारखी पसरली होती, तिच्यात करंगळी सहज जात होती.

तर दोष शिलाईत नाही, कापण्यात आहे. कप वर रुंद आणि खाली निमुळता असतो आणि आपण कापड कापतो सरळ पट्टी. सरळ पट्टीची नळी निमुळत्या कपावर चढवली की ती फक्त वरच्या कडेला अडकणार, दुसरं काही होऊच शकत नाही. ती कितीही घट्ट करा, फक्त थोडी खाली जाऊन अडकेल. याउलट कव्हर कपाइतकंच निमुळतं असेल तर ते सगळीकडून एकदम टेकतं, आणि मग भरलेल्या कपाचं वजनच त्याला आवळून धरतं, कप जितका खाली दाबला जाईल तितकी पकड घट्ट होते, पाचर मारल्यासारखी. इलॅस्टिकची गरजच राहत नाही.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या हाताशी हे उत्तर येऊन गेलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी कपाला वर्तमानपत्र गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर-खाली पेनाने खुणा करून तेवढा भाग कापून काढला होता. कागद सोडून टेबलावर पसरला तर तो चंद्रकोरीसारखा वाकडा निघाला. काकूंना वाटलं गुंडाळताना कागद तिरका गेला असणार, म्हणून त्यांनी पट्टी लावून दोन्ही कडा सरळ करून घेतल्या आणि त्यावरून ५१ कव्हरं कापली गेली. खरं माप त्या वाकड्या कडेतच होतं. म्हणून पहिलं सांगणं हेच, कागद वाकडा निघाला तर त्याला सरळ करू नका, तो बरोबर आहे.

शिवणकाम येणाऱ्या बाईला हे एका वाक्यात सांगायचं तर कपाचं कव्हर म्हणजे अंब्रेला घागऱ्याचाच एक छोटा तुकडा. अंब्रेला कट आपण टेप एका टोकाला धरून गोल फिरवूनच आखतो, कुणी सरळ पट्टीवर कापत नाही. इथेही तसंच, फक्त घागरा कमरेला अरुंद आणि खाली रुंद, कप त्याच्या उलट.

कॉफीच्या दुकानात कपावर जी पुठ्ठ्याची पट्टी देतात तीसुद्धा अशीच असते. एखादी मिळाली तर टाकू नका, चिकटवलेली जागा अलगद उकला आणि सपाट ठेवा, वाकडीच पट्टी निघेल. ती पुठ्ठ्याची पट्टी अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या जे सोरेन्सन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणली, गरम कॉफीचा कप हातातून सुटून मांडीवर सांडला त्यावरून त्यांना सुचलं होतं. १९९५ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि त्यातली मुख्य युक्ती अशी की पुठ्ठ्यावर छोटे छोटे उंचवटे दाबून काढायचे, म्हणजे पुठ्ठा कपाला कमी जागी टेकतो आणि मध्ये हवा राहते. ही हवेची गोष्ट आपल्या कामाची आहे, खाली परत येईन त्यावर.

आता माप. कागद गुंडाळून काढलेलं चालतंच, पण बरीच कव्हरं करायची असतील तर आखून घेतलेलं बरं. कपाच्या वरच्या दुमडलेल्या कडेपासून अडीच सेंटीमीटर खाली टेप लावून घेर मोजा, मग कपाच्या उतारावरून सहा सेंटीमीटर खाली या आणि तिथला घेर मोजा. आमच्या कपाचे हे दोन घेर २६ आणि २१ आले. वरचा घेर गुणिले कव्हरची उंची, भागिले दोन घेरांतला फरक, म्हणजे २६ गुणिले ६ झाले १५६, भागिले ५, आले ३१.२ सेंटीमीटर. ही झाली मोठ्या कमानीची त्रिज्या. त्यातून उंचीचे ६ वजा करा, २५.२, ही लहान कमानीची. मोठा कागद पसरा, मेजरटेपचं टोक एका जागी टाचणीने रोवा, ३१.२ वर पेन्सिल धरून कमान काढा, मग २५.२ वर दुसरी. दोरी वापरू नका, दोरी ताणली जाते आणि अर्धा सेंटीमीटर कुठे गेला कळत नाही. वरच्या कमानीवरून टेप उभी धरून वळवत २६ मोजा, दोन्ही टोकांपासून टाचणीच्या जागेकडे सरळ रेघा ओढा. या दोन रेघा टाचणीकडेच जायला हव्यात, टेबलाच्या कडेला काटकोनात ओढल्या तर जोडावर वर-खाली चोच निघते आणि ती काही केल्या जात नाही. खात्री करायची तर खालची कमान मोजून बघा, २१ भरली पाहिजे.

तुमचे आकडे वेगळे येणार. कागदी कप सगळे सारखे नसतात, एकाच दुकानातून आणलेल्या दोन पाकिटांतही फरक निघतो, म्हणून ज्या कपासाठी शिवताय तोच कप समोर ठेवा.

आणि आता ती चूक जी आम्ही कमानीत कापायला लागल्यावरही केली. माप बरोब्बर, कमान बरोब्बर, तरी कव्हर ठरवलेल्या जागेच्या दीड सेंटीमीटर खालीच बसायचं. कारण जाडी. कपाला टेकतं ते अस्तर, आणि आम्ही २६ चं माप धरलं होतं वरच्या खणाला. मधल्या टॉवेलची जाडी आतल्या बाजूला जागा खाते, किती तर जाडीच्या सव्वासहा पट. टॉवेल आणि अस्तर चिमटीत दाबून दोन मिलिमीटर भरत असेल तर घेरात सव्वा सेंटीमीटर कमी झाला. आणि आमच्या कपाचा उतार असा आहे की घेरात एक सेंटीमीटर फरक पडला की कव्हर सव्वा सेंटीमीटर वर किंवा खाली जातं, म्हणजे हिशेब बरोबर दीडवर येतो. म्हणून कपाचं माप अस्तराला लावा आणि वरच्या कापडाला लांबीत सव्वा सेंटीमीटर जास्त घ्या. उलट केलं, किंवा दोन्ही थर एकसारखे कापले, तर आतलं अस्तर चुरगळून गोळा होतं आणि त्या चुण्यांमुळे परत पकड जाते. हे सगळं धरल्यावर मग चारी बाजूंनी एकेक सेंटीमीटर माया, म्हणजे शिलाईत जाणारं जास्तीचं कापड. माया आधी धरून मग त्यावर आकडेमोड करू नका, घोळ होतो.

अजून एक, वरच्या कापडावर आणि टॉवेलवर मिळून धावदोरा किंवा मशीनच्या टीपा घालणार असाल, तर आधी टीपा मारा आणि मग कमान कापा. टीपा मारल्या की कापड आखडतं. टीपा दोन-दोन सेंटीमीटरवर पुरेत. गोधडीसारख्या दाट घातल्या तर छान दिसतात पण टॉवेल चेपतो, आतली हवा जाते, आणि चटका अडवते ती हवाच, कापड नाही. टॉवेलचे मऊ लूप असतात ना, ते त्या पुठ्ठ्याच्या उंचवट्यांचंच काम करतात.

कमानीत कापलेल्या कापडाची मधली बाजू सरळ धाग्यावर येते आणि दोन्ही टोकं तिरकी, उरेबच्या म्हणजे कोनाकोनी तिरक्या कापाच्या दिशेने जातात, त्यामुळे टोकांकडची कड शिवताना ताणली जाते आणि लाट आल्यासारखी दिसते. कापल्या कापल्या कडेपासून तीन मिलिमीटर आत एक साधी टीप मारून ठेवा म्हणजे ती जागच्या जागी राहते. वरची कड सुलट्या बाजू आतल्या आत ठेवून शिवलीत की मायेला दीड-दोन सेंटीमीटरवर चिरा द्या, टिपेच्या दोन दोरे अलीकडे थांबा, मग उलटवून इस्त्री करा. खालची कड आम्ही उरेब पट्टीच्या मगजीने, म्हणजे कडेवर दुमडून शिवायच्या पट्टीने बंद करतो, उरेब पट्टी वळणावर आपोआप बसते. सरळ पट्टीची मगजी लावू नका, ती कड खेचून धरते.

अस्तर कुठलं हा प्रश्न लहान वाटतो पण घसरण्याचं दुसरं मोठं कारण तेच आहे. कापणी बरोबर असूनही कव्हर कपावर गोल गोल फिरत असेल तर अस्तर बघा, सॅटिन किंवा कुठलंही पॉलिस्टर असेल तर ते कागदी कपाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारच नाही. आम्ही ब्लाऊजपीसचं उरलेलं चकचकीत अस्तर वापरलं होतं, ते सगळं काढून मांजरपाट लावला. मांजरपाट, जुना पंचा, मऊ झालेली सुती साडी, काहीही चालेल, सुती हवं. स्टीलच्या ग्लासला तर जुन्या फ्लॅनेलचं अस्तर सगळ्यात छान धरतं, पण फ्लॅनेल मांजरपाटापेक्षा जाड, तेव्हा जाडीचा हिशेब परत करा.

मांजरपाट मात्र कोरा शिवू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यात खळ असते, रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी खळखळून धुवा, वाळल्यावर इस्त्री करा आणि मगच कापा. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, २६ सेंटीमीटरमध्ये ४ टक्के धरले तरी एक सेंटीमीटर गेला, आणि वर म्हटलं तसं एक सेंटीमीटर म्हणजे कव्हर सव्वा सेंटीमीटर खाली. ज्यांचं कव्हर नवं असताना नीट बसायचं आणि धुतल्यावर घसरायला लागलं त्यांचं हेच झालेलं असतं. टॉवेलसुद्धा धुऊन घ्या. खणाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघा, नाहीतर चहाच्या पहिल्या डागाबरोबर अस्तर लाल.

काही जणींची तक्रार वेगळीच असते, कव्हर घसरत नाही पण चटका लागतो. त्यांना मी पहिलं विचारते, कव्हर ओलं होतं का? चहा थोडा सांडून टॉवेल भिजला की त्यातली हवा जाऊन पाणी भरतं आणि पाणी हवेपेक्षा वीस पटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. ओल्या फडक्याने पातेलं उतरवायला गेलं की काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, तेच इथे. कव्हर भिजलं की काढा, वाळू द्या. घरात एकाची दोन असलेली बरी.

मशीनचा त्रास होतो तो उभ्या जोडावर. तिथे खण, टॉवेल, अस्तर सगळं दुहेरी होतं, टाके सुटतात, सुई अडते, आमच्या एकीच्या दोन सुया तुटल्या. टॉवेलचा थर माया सोडून कापा, म्हणजे टॉवेल जोडात येणारच नाही. वरच्या कापडाचा जोड आणि अस्तराचा जोड समोरासमोरच्या बाजूला ठेवा, एकावर एक आणू नका. जोडाची माया उकलून इस्त्री करा. सुई १६ नंबरची लावा, टाका थोडा मोठा ठेवा, आणि जाड जागेवर पाय न मारता हाताने चाक फिरवा. मशीनचा दाबपाय जाड जोडावर चढताना मागून तिरका होतो आणि टाके तिथेच सुटतात, त्याच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, दाबपाय सपाट राहतो आणि टीप सरळ जाते. हे मला एका म्हाताऱ्या टेलरकाकांनी दाखवलं, जीन्स ऑल्टर करताना ते कायम असंच करतात.

आधी शिवलेली सरळ कव्हरं टाकून द्यायची का? नाही. आम्ही ५१ पैकी ४४ परत मागवली आणि सगळी दुरुस्त केली. खालची मगजी उसवायची, अस्तर सुटं करून वर करायचं, आणि वरच्या कापडाला खालून ब्लाऊजला घालतो तसे चार टक्स, म्हणजे निमुळत्या शिवलेल्या चुण्या घालायचे. पाच सेंटीमीटरचा फरक चार टक्समध्ये वाटला की प्रत्येकी सव्वा सेंटीमीटर, खाली पूर्ण आणि वर जाताना शून्यावर आणायचा. सगळा फरक एकाच जोडात काढायला गेलात तर कव्हर एका बाजूला लोंबतं. टक्सच्या आतला टॉवेल कापून टाकायचा, नाहीतर आतून टोचतं. अस्तर मात्र नव्यानेच कमानीत कापून लावायचं, अस्तराला टक्स घातले तर ते कपाला टेकणाऱ्या बाजूला येतात आणि मग तिथे फट राहते. एका कव्हरला साधारण पाऊण तास लागला. चार टक्सची कव्हरं दिसायलाही चांगली दिसतात, कळ्यांच्या परकरासारखी, वहिनींना तर तीच जास्त आवडली.

कान असलेल्या मगसाठी बहुतेक वेळा ही कमान लागत नाही. सिरॅमिकचे बरेचसे मग वर-खाली एकाच घेराचे असतात, टेप लावून खात्री करा, दोन्ही घेर सारखे आले तर सरळ पट्टीच बरोबर. कानाच्या जागी अडीच-तीन सेंटीमीटर फट सोडायची आणि कानाच्या आतून टिचबटणाची पट्टी घ्यायची. टिचबटण लावायच्या जागी आत बकरमचा, म्हणजे कडक कापडाचा छोटा तुकडा घाला, नाहीतर उघडताना बटण कापडासकट निघून येतं.

आणि एक काळजीचं. चहा गार झाला म्हणून कव्हरसकट कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, खणाच्या काठाला जरीची तार असली तर ठिणग्या उडू शकतात. आम्ही आता कव्हर देताना आत एक चिठ्ठी घालतो, त्यावर हेच लिहिलेलं असतं आणि खाली कपाचे दोन घेर, म्हणजे घरच्या ग्लासला टेप लावून घेणारीला आधीच कळतं की हे आपल्या ग्लासला बसेल की नाही.